सामान्य मतदार राजकारणाकडे इतकं कमी लक्ष का देतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "लोकांना उमेदवाराचं नावसुद्धा धड माहीत नसतं, अशांनी मत द्यायचं तरी कशाला?" हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, आणि तेही आईच्या तोंडावर. म्हणून लिहायला बसलो.

आई निफाड तालुक्यात राहते, लासलगावजवळ. म्हणजे लोकसभेला दिंडोरी मतदारसंघ. मी नाशिकला सिडकोत, दादा गंगापूर रोडला. २० मे २०२४ ला मतदान होतं. आईला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: भगरे नावाचे मास्तर उभे आहेत आणि निशाणी तुतारी आहे. ऊन चढायच्या आत जाऊन ती मत देऊन आली.

४ जूनला निकाल लागला तेव्हा आम्ही दोघं भाऊ गावीच होतो. भास्कर भगरे लाखाहून जास्त फरकाने निवडून आले. पण टीव्हीवरच्या यादीत तिसऱ्या नंबरला आणखी एक भगरे दिसले. अपक्ष. त्यांचं साधं पत्रकही आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं, आणि मतं लाखाच्या वर! त्यांची निशाणी नुसती तुतारी. भास्कर भगरेंच्या पक्षाची, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीची, निशाणी होती ‘तुतारी वाजवणारा माणूस’.

मी आईला विचारलं, "तू दाबलंस त्या चित्रात माणूस होता का?"

तिने तळहातावर बोटाने आडवी रेघ ओढली, टोकाशी गोल केला. "अशी होती. माणूस कशाला असंल? तुतारी सांगितली, तुतारी दाबली."

आणि बोट तसंच तळहातावर ठेवून थांबली. तिच्या लक्षात आलं होतं. चहा टाकते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. दादा मात्र आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "असल्या अडाणी मतांनीच देशाचं वाटोळं झालंय. मताच्या आधी परीक्षा घ्यायला पाहिजे."

आता त्या अडाणी बाईला काय माहीत होतं ते सांगतो. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ती कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, ठेवते, तारखेप्रमाणे लावून. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली, त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या लाल कांद्याला क्विंटलला साडेतीन हजार मिळाले होते. महिन्याभराने त्याच वावरातला कांदा पंधराशेने गेला. पुढे मे महिन्याच्या सुरुवातीला, मतदान पंधरा-सोळा दिवसांवर असताना, बंदी उठली. पण तिच्या जागी ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली. आईला डॉलर कळत नाही. पण "उठवली म्हणत्यात, मग भाव का चढंना?" हे तिने मला फोनवर विचारलं होतं. मी कंपनीत कँटीनमध्ये उभा होतो, मला उत्तर देता आलं नाही. चर्चेचे कार्यक्रम मीही बघतो की.

मग सांगा, लक्ष कुणाचं जास्त होतं? माझं मत स्पष्ट आहे. राजकारण जिथे त्याच्या घरात शिरतं तिथे मतदार डोळ्यांत तेल घालून बघतो. बाकीच्यासाठी त्याच्याकडे वेळ नाही, आणि एका मताने काय होणार हा त्याचा हिशेबही चुकीचा नाही. नाशिक महापालिकेत २०१२ ला मनसेचे ४० नगरसेवक निवडून आले, २०१७ ला ५. तो निकाल बरोबर होता की चूक यावर तुम्ही भांडा, पण ज्यांचं लक्षच नाही ते लोक पाच वर्षांत असा हिशेब करत नाहीत.

आणि दादाचं लक्ष? फेब्रुवारी २०१७ च्या महापालिकेला चार सदस्यांचा प्रभाग होता, एका मतदाराला चार मतं. त्याने चारही बटणं एकाच पक्षाची दाबली. निकालाच्या दिवशी ओट्यावर मी त्याला त्या चौघांची नावं विचारली. एक आलं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला, हे त्याला कळलं तेव्हा बरेच महिने उलटले होते. एका कागदावर नगरसेवकाची सही हवी होती म्हणून. रोज रात्री दोन तास तो टीव्हीवरच्या चर्चा बघतो. ते बघणं म्हणजे लक्ष देणं, असं मी मानत नाही.

आता आईची चूकही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. मशीनवर नावाशेजारी उमेदवाराचा फोटो असतो, तो तिने पाहिला नाही. ग्रामसभेला ती जात नाही. आणि फक्त कांद्याच्या भावावर मत दिलं तर शाळा, दवाखाना, रस्ता हे सगळं निसटतं, हेही खरं आहे. पैसे घेऊन मत देणारे आमच्याही गावात आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही.

लोकांना जागरूक कसं करायचं, हेही तुम्ही विचारलंय. भाषणं देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी मतदानाच्या आधी दहा मिनिटं बसा, उमेदवारांची यादी आणि निशाण्या दाखवा, सारख्या नावांचे दोघं असतील तर वेगळे करून सांगा. कुणाला मत द्यायचं ते मात्र सांगू नका. नाशिकहून आमचं गाव साठेक किलोमीटर. त्या मे महिन्यात दादा दोनदा गेला होता, दोन्ही वेळा घरचा कांदा डिकीत भरून आणला. तेव्हा ही दहा मिनिटं त्याला मिळाली नाहीत. मलाही नाही, मी तर गेलोच नव्हतो.

नोव्हेंबरात विधानसभेला मी आदल्या दिवशी गेलो. आईने यादी मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि प्रत्येक चित्रावर बोट ठेवत विचारलं, "ह्याच्यासारखं दुसरं कुठं हाये का?" सगळी निशाणं संपेपर्यंत तिने मला उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रातून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "फोटो बघून दाबलं." दादाने तो ‘अडाणी’ शब्द अजून मागे घेतलेला नाही.