निटेड कापडाच्या बॅटरी-इलेक्ट्रोडवर आधीच पेटंट आहे, मग आम्हाला क्लेम करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीत तुम्ही दोघा मित्रांनी स्टीलच्या बारीक सुताचं निटेड, म्हणजे स्वेटरसारखं फासांनी विणलेलं कापड केलं, त्यावर ॲक्टिव्ह मटेरियल (बॅटरीत वीज साठवणारा पदार्थ) चढवलं आणि कॉइन सेल, म्हणजे नाण्यासारखी छोटी बॅटरी, चालवून दाखवला. मग शोधाशोध करताना एक परदेशी पेटंट सापडलं. त्याचा पहिला क्लेम, म्हणजे हक्काची हद्द ठरवणारं वाक्य, आहे, 'विद्युतवाहक निटेड कापड, त्यावर ॲक्टिव्ह मटेरियलचा थर आणि कापडाला जोडलेली टॅब असलेला इलेक्ट्रोड'. आता सगळं संपलं का, असं तुम्ही विचारलंय.

संपलेलं नाही. मी कोल्हापुरात पेटंट एजंट आहे आणि त्याआधी काही वर्षं उद्यमनगरात तारेच्या निटेड जाळीच्या कामात होतो, त्यामुळे तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'आधी सेल शॉर्ट व्हायचे, मग एका बाजूला पॉलिप्रॉपिलीनचं सूत प्लेटिंगने घेतलं, तेव्हापासून होत नाहीत.' (हे प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा नव्हे, दोन सुतं एकत्र निट करण्याची पद्धत.) माझ्या मते तुमचा खरा शोध या एका वाक्यात आहे. 'निटेड इलेक्ट्रोड' हा तुमचा शोध नाही, आणि त्या दोन शब्दांसाठी भांडत बसू नका.

आपल्याकडे मागावरचं कापडही 'विणतात' आणि आईचा स्वेटरही 'विणतात'. क्लेममध्ये हा घोळ परवडत नाही. यंत्रमागावर ताणा आणि बाणा एकमेकांवरून सरळ जातात. निटिंगमध्ये एकच सूत फास घेत जातं, एका फासातून दुसरा फास ओढला जातो. म्हणून ते ताणलं जातं, म्हणून त्यात मोकळी जागा राहते. बॅटरीच्या दृष्टीने ही जागा मोलाची आहे. नेहमीच्या इलेक्ट्रोडमधल्या धातूच्या फॉइलवर लेप फक्त सपाट पृष्ठावर बसतो, इथे तो सुताभोवती बसतो आणि इलेक्ट्रोलाइट सगळीकडून पोचतो. सिलिकॉनसारखं मटेरियल चार्ज होताना आकारमानाने जवळपास ३०० टक्के फुगतं, त्यालाही थोडी सवड मिळते.

पण हे सगळं आता जगाला माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातून २०१३ मध्ये कार्बन फायबरच्या निटेड सुपरकपॅसिटरवर संशोधन प्रसिद्ध झालेलं आहे. बॅटरी नसली तरी पेटंट कार्यालयाचा तपासनीस ते तुमच्यासमोर ठेवणारच.

आता तुमच्या सेलमध्ये काय घडलं असेल ते पाहा. स्टीलच्या सुतातून बारीक तंतू कुसळासारखे वर येतात. दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू न देणारा मधला पातळ पडदा, म्हणजे सेपरेटर, साधारण २५ मायक्रॉनचा असतो. सेल दाबून बंद केला की एखादं कुसळ आरपार जातं आणि सेल मेला. सिंगल जर्सीला, म्हणजे टी-शर्टसारख्या साध्या निटेड कापडाला, दोन वेगळी तोंडं असतात. सरळ बाजूला टाक्यांचे इंग्रजी व्हीसारखे पाय दिसतात, उलट बाजूला फासांच्या कमानी. प्लेटिंगमध्ये एकाच सुईला दोन सुतं दिली की एक सरळ बाजूला राहतं, दुसरं उलट बाजूला. म्हणजे तुम्ही एकाच कापडाच्या एका अंगाला वाहक आणि दुसऱ्या अंगाला अवाहक केलंत, तेही न शिवता आणि न चिकटवता. मागावर हे इतक्या सहज होत नाही. होजिअरीवाल्यांना प्लेटिंग नवीन नाही, मोजे तसेच होतात. पण शॉर्ट थांबवायला ते वापरणं, हा विचार मला आवडला.

पहिला क्लेम मी असा बांधेन (अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच भरावा लागतो, इथे समजण्यासाठी मराठीत देतो): 'बॅटरीसाठी इलेक्ट्रोड, ज्यात एक निटेड कापड आहे, कापडाच्या टाक्यांमध्ये एक वाहक आणि एक अवाहक सूत सोबत चालतं, वाहक सूत कापडाच्या पहिल्या पृष्ठावर व अवाहक सूत दुसऱ्या पृष्ठावर उघडं असतं, आणि ॲक्टिव्ह मटेरियल वाहक सुतावर असतं.'

यात स्टील नाही, पॉलिप्रॉपिलीन नाही, मशीनचा गेज (सुयांची दाटी) नाही. ते सगळं खालच्या अवलंबित क्लेममध्ये, म्हणजे पहिल्या क्लेमवर टेकून जास्तीचे तपशील सांगणाऱ्या क्लेममध्ये टाका. सेपरेटरही मुद्दाम घेतला नाही, कारण उद्या कोणी नुसता इलेक्ट्रोडच विकायला लागला तर त्याच्या मालात सेपरेटर नसणार आणि तो निसटणार. 'अवाहक पृष्ठ सेपरेटरकडे असलेली बॅटरी' हा वेगळा क्लेम करा. आणि 'असलेला' या अर्थी इंग्रजीत 'कंप्रायझिंग' वापरा. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं तर कोणी एक जास्तीचं सूत घातलं की तो क्लेमबाहेर.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. एजंट होण्याआधी साखर कारखान्याच्या इव्हॅपोरेटरमधल्या जाळीच्या पॅडवर मी अर्ज स्वतःच लिहिला होता. मूळ कल्पना थरांच्या नागमोडीच्या दिशेत होती. पण टेबलावर जी तार होती तीच क्लेममध्ये उतरवली, '०.२८ मिमी व्यासाची स्टेनलेस स्टीलची तार'. पेटंट मिळालं, पेढे वाटले. वर्षाच्या आत एकाने ०.२५ मिमीच्या तारेचा तसाच पॅड बाजारात आणला. कोर्टात वाद घालता आला असता, पण तेवढी ऐपत नव्हती. क्लेम रुंद करून घेऊ म्हटलं, तर कायद्याच्या कलम ५९ मध्ये तेही बसत नाही. दुरुस्तीने क्लेम आखडता येतो, पसरवता येत नाही. त्या आकड्याचं पॅडच्या कामात काहीही महत्त्व नव्हतं, याची चुटपुट अजून आहे.

तुमच्या मार्गातला खरा अडथळा नावीन्याचा नाही. त्या परदेशी क्लेममध्ये दोन सुतं नाहीत. त्याच्या वर्णनातही नाहीत ना, हे मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचून बघा. अडथळा कल्पकतेच्या पायरीचा आहे. तपासनीस म्हणेल, वाहक निटेड कापड माहीत होतं, प्लेटिंग माहीत होतं, दोन्ही जोडलं तर त्यात काय मोठं? याला उत्तर तुमच्या वहीत आहे. प्लेटिंगआधी किती सेलपैकी किती शॉर्ट झाले, नंतर किती, सूत कोणतं, दाब किती, हे सगळं वर्णनात घाला. दोन्ही पृष्ठांचे सूक्ष्मदर्शकातले फोटोही काढून ठेवा. 'मऊ', 'पुरेसं', 'बारीक' असले शब्द क्लेममध्ये नकोत. 'निटेड कापडाचा बॅटरीत वापर' असा क्लेमही नको, कलम ३(ड) मध्ये तो अडकतो.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. तुम्हाला पेटंट मिळालं तरी तो माल बनवायचा परवाना होत नाही, ते फक्त दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं. तो परदेशी क्लेम रुंद आहे, तुमचा इलेक्ट्रोड त्यात बसतो. म्हणून पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या मोफत शोध-संकेतस्थळावर बघा, ते भारतात दाखल झालंय का आणि वार्षिक फी भरून चालू आहे का. भारतात नसेल तर इथे ते तुम्हाला अडवू शकत नाही. माल निर्यात करणार असाल तर त्या त्या देशाचं वेगळं बघावं लागेल. शोधताना आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणातला एच०१एम ४/७४ हा जाळी आणि कापडी इलेक्ट्रोडचा वर्ग आणि डी०४बी हा निटिंगचा वर्ग, दोन्ही चाळा.

खर्चाला घाबरू नका. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीसाठी १,६०० रुपये आहे, त्यात ३० पानं आणि १० क्लेम बसतात. पुढच्या प्रत्येक क्लेमला ३२०. तपासणीची फी वेगळी. आकडे पुरते हातात नसतील तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज भरा, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

आणि पुढच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल लावणार आहात म्हणालात. कायद्यातली सवलत फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या औद्योगिक प्रदर्शनांना नाही. अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत ते कापड कपाटातच राहू दे. स्टॉलवर हवं तर चालणारा सेल ठेवा, पण तो सील केलेला, आतलं कापड न दिसणारा.