वाचकांचे प्रश्न : रंगभूमीवरून उमरावांच्या घरात

प्रश्न : नर्तिका-अभिनेत्री अडेल अस्टेअर यांच्या एका छायाचित्राखाली ‘लेडी अडेल कॅव्हेंडिश’ आणि दुसऱ्याखाली ‘लेडी चार्ल्स कॅव्हेंडिश’ असं छापलेलं दिसलं. बरोबर काय?

उत्तर : दुसरं. ‘लेडी’च्या पुढे स्वतःचं नाव लावण्याचा मान ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल (इंग्लंडच्या उमरावांच्या वरच्या तीन पायऱ्या; खाली व्हायकाउंट आणि बॅरन) यांच्या मुलींना जन्माने मिळतो, लग्न करून तो येत नाही. अडेल यांनी १९३२ मध्ये लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश यांच्याशी लग्न केलं. ते डेव्हनशरच्या नवव्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव, म्हणून नवऱ्याचं अख्खं नाव ‘लेडी’ला जोडायचं. नवरा व्हायकाउंटचा धाकटा मुलगा असेल तर ‘लेडी’सुद्धा नाही. अभिनेत्री झीना डेअर असं लग्न करून १९११ मध्ये ‘ऑनरेबल मिसेस मॉरिस ब्रेट’ झाल्या, एवढंच.

अभिनेत्री बिअट्रिस लिली यांच्याबाबत हीच चूक सर्रास होते. त्यांचे पती रॉबर्ट पील बॅरोनेट (वंशपरंपरेने ‘सर’, पण उमराव नव्हे) होते. त्यामुळे त्या ‘लेडी पील’. ‘लेडी बिअट्रिस’ कधीच नव्हत्या. नाव लिहिण्याआधी नवऱ्याचा दर्जा, तो कितवा मुलगा आणि त्या वर्षी त्याचे वडील हयात होते का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

प्रश्न : अभिनेत्री लॅव्हिनिया फेंटन डचेस (ड्यूकची पत्नी) झाल्या, मग त्यांचा मुलगा ड्यूक का झाला नाही?

उत्तर : तिन्ही मुलगे लग्नाआधीचे होते, म्हणून. १७२८ मध्ये ‘द बेगर्स ऑपेरा’तल्या पॉलीच्या भूमिकेने लॅव्हिनिया लंडनभर गाजल्या आणि त्याच वर्षी बोल्टनच्या तिसऱ्या ड्यूकबरोबर राहू लागल्या. ड्यूकची पत्नी १७५१ पर्यंत हयात होती. ती वारल्यावरच लग्न झालं. १७५४ मध्ये ड्यूक वारले आणि किताब त्यांच्या भावाकडे गेला. आईबापांनी मागाहून लग्न केलं तरी इंग्लंडच्या कायद्यात मूल औरस ठरत नसे. १९२६ च्या कायद्याने ती सोय केली, पण जन्मावेळी आई किंवा बाप दुसऱ्याशी विवाहित असेल तर तीही लागू नव्हती, आणि उमरावकीचा वारसा त्यातूनही वगळलेलाच होता. या तीन मुलांना कोणत्याच वाटेने काही मिळालं नसतं, ही मोठी निष्ठुर गोष्ट आहे.

अभिनेत्री एलिझाबेथ फॅरन यांनी मात्र लग्न होईपर्यंत थांबायचं ठरवलं. डर्बीच्या अर्लची पहिली पत्नी १४ मार्च १७९७ ला वारली, ८ एप्रिलला फॅरन यांनी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘द स्कूल फॉर स्कँडल’ नाटकातल्या लेडी टीझलची शेवटची भूमिका केली आणि १ मे रोजी लग्न झालं. तोपर्यंत आई सतत बरोबर असे, म्हणून त्यांच्या नावाला बट्टा लागला नाही. तरी पुढचा अर्ल झाला तो पहिल्या पत्नीचाच मुलगा.

प्रश्न : अभिनेत्री कॅमिल क्लिफर्ड ‘लेडी अ‍ॅबरडेअर’ होत्या का?

उत्तर : नाही. त्यांचे पती हे लॉर्ड अ‍ॅबरडेअर या बॅरनचे थोरले चिरंजीव होते, पण १९१४ च्या युद्धात वडिलांच्या हयातीतच मारले गेले. बॅरनच्या वारसाला वडील हयात असताना वापरायचा किताब नसतो. अर्लच्या वारसाला असतो, म्हणूनच रंगमंचावरच्या गायिका बेल बिल्टन १८८९ मध्ये लग्न होताच लेडी डनलो झाल्या आणि सासरे वारल्यावर, १८९१ मध्ये, क्लॅनकार्टीच्या काउंटेस (अर्लची पत्नी).