गावात घरोघरी नळ आलेत, तरी बायका विहिरीवरच का जातात?

तुम्ही पुढं असंही विचारलंय की या बायकांना स्वच्छ पाण्याचं महत्त्व कसं पटवायचं. पटवायचं काय त्यात? जन्मभर डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईला दारातला नळ नको असतो होय? नळाचा भरवसा नाही, म्हणून ती विहिरीवर जाते. उत्तर एवढंच. पण प्रश्न वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची, जंगलपट्ट्यातली. पावसाळ्यात आठ-आठ दिवस इथं ऊन पडत नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, नविलुतीर्थाच्या धरणात अडते, हुबळी-धारवाडला प्यायला जाते, आणि मे महिन्यात आम्ही झऱ्यावर वाटीवाटीनं कळशी भरतो. असो, तो राग वेगळा.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. कर्नाटकात त्याचं नाव 'मने मनेगे गंगे'. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं आणि ते तपासायला गावातल्याच पाच बायकांना शिकवायचं, असं त्यात आहे. आमच्या महिला संघातून मीही शिकले. पाणी तपासायच्या किटातली पुस्तिका सगळी कन्नडमध्ये, आम्ही शिकलेल्या मराठी शाळेत. शेवटी माझ्या मुलीनं वाचून सांगितली.

जंतूंची तपासणी सोपी आहे. किटातल्या औषध घातलेल्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बूच घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत असं धरायचं. श्रावणात आमच्याकडं ऊब कुठली? मी बाटल्या फडक्यात गुंडाळून चुलीमागं ठेवल्या. टाकीजवळच्या नळाचं पाणी होतं तसं राहिलं. खालच्या गल्लीतलं आधी तळाशी करडं झालं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी.

टाकी एकच, मग असं का? खालच्या गल्लीची पाइप गटारातून गेलीय आणि जॉइंट सैल आहे. आम्हाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. लाइट गेली किंवा वॉटरमननं वॉल्व बंद केला की पाइप रिकामी होते आणि सैल जॉइंटातून गटाराचं पाणी आत ओढते. पुढच्या पाळीला पहिली घागर त्याचीच. बेळगाव शहरात २००८ साली दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. लोकांना वाटतं त्यात सोय मोठी, पण खरा फायदा हा की पाइप कायम भरलेली असली तर बाहेरची घाण आत शिरत नाही. पंचायतीत सांगितलं तर उत्तर मिळालं, 'ठेकेदाराचं बिल झालंय.' झालं, संपला विषय.

मग विहिरीचं पाणी तपासलं. तेही काळं. आणि इथं आमच्या घरातलं भांडण सुरू होतं.

विहिरीच्या वरच्या अंगाला थोरल्या भावोजींचा संडास आहे. स्वच्छ भारतचे बारा हजार आले तेव्हा बांधला. खड्डा विहिरीपासून पंधरा पावलंसुद्धा नाही. आमची जमीन चिऱ्याची, भोकाभोकांची. वर ओतलेलं पाणी खाली उतरायला वेळ लागत नाही. खणतानाच मी म्हटलं होतं, खाली परसात खणा. तर म्हणे, 'परसात केळी आहेत.'

काळी बाटली दाखवली तर भावोजी म्हणाले, "तुझी बाटलीच खुळी आहे गे. आमच्या आज्यानं हेच पाणी पिऊन नव्वदी गाठली."

मी म्हटलं, "आज्याच्या वेळी वर संडास नव्हता."

तरी ऐकेनात. मग त्याच विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत घेतलं, एकात तसंच, दुसऱ्यात उकळून गार केलेलं. पहिलं काळं पडलं, दुसरं नाही. दोन्ही नेऊन त्यांच्या कट्ट्यावर ठेवल्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उकळलेल्या पाण्याला चव नसते." आणि उठून गेले.

तर तुम्ही बायकांना समजवायच्या भानगडीत पडू नका, पंचायतीच्या मेंबरांना धरा. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. बादलीत कालवायची, गाळ बसला की वरचं निवळ पाणी विहिरीत ओतायचं, कळशी खाली-वर करायची आणि निदान अर्धा तास कुणाला पाणी भरू द्यायचं नाही. पोतं उघडं राहिलं तर पावडरीत दम राहत नाही, आणि आमच्या पंचायतीत ते उघडंच असतं. नळाला क्लोरीन किती हे टाकीशी बघून उपयोग नाही. शेवटच्या घरात लिटरला ०.२ मिलिग्रॅम यायला हवं. नाणं टाकून वीस लिटर देणारं ते शुद्ध पाण्याचं आरओ यंत्र आमच्या भागात निव्वळ शोभा आहे. ते मुळात क्षार काढायला असतं; आमच्या पाण्यात क्षार नाहीत, जंतू आहेत, आणि त्यांना क्लोरीन किंवा उकळणं पुरतं.

आणि संडास बांधणार असाल तर दोन खड्ड्यांचा बांधा. एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा, दोनेक वर्षांत पहिल्यातलं खत होतं. विहिरीपासून दहा मीटर तरी लांब, चिऱ्यात त्याहून जास्त, आणि नेहमी उताराच्या खालच्या बाजूला. ते खत केळींना घाला, असंसुद्धा भावोजींना सुचवून झालं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं आमच्या पावसाच्या पट्ट्याचं. अथणीसारख्या कोरड्या भागात बोअरचं पाणी पीत असाल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर उकळून किंवा क्लोरीन टाकून काही होत नाही. नायट्रेट तर उकळून आणखी घट्ट होतं. तिथं ते यंत्र कामाचं आहे, चालू असलं तर.

आमचा खड्डा आहे तिथंच आहे. भावोजींनी मध्यंतरी पंचायतीला अर्ज दिलाय, विहिरीला जाळी बसवून द्या म्हणून. पानं पडून पाणी खराब होतं म्हणे.