14 हजारांचं सोडा, पत्राची तारीख बघा

माण तालुक्यातल्या एका वाचकाचं तीन पानी पत्र समोर आहे. घरी 180 मेंढरं. दिवाळी झाली की 11 बिऱ्हाडांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, घाट उतरून कोकणात जातो आणि मिरगाच्या आत माघारी येतो. पणजोबांपासून असंच चालत आलंय. यंदा फेब्रुवारीत मेंढरं रोपवनात शिरली म्हणून वनरक्षकानं अडवली, दोन रात्री रोपवाटिकेच्या कुंपणात कोंडली. चुलत्यांनी तीन कागदांवर अंगठा दिला, 14 हजार भरले, तेव्हा सुटली. त्यात दोन कोकरं दगावली. पैसे परत मिळतील का, येत्या दिवाळीला खाली उतरायचं की नाही, आणि अशी अडवणूक करायचा हक्क यांना दिला कुणी, असे प्रश्न आहेत. अडीच पानं यातच गेलीत. मग अगदी शेवटी, पत्ता लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत दोन ओळी: "वनहक्काचा सामूहिक दावाही केला होता. तो नामंजूर झाल्याचं पत्र मागे घरी आलं होतं. त्याचं काही करावं लागतं का?"

अहो, त्याचंच करावं लागतं! त्या रानात हक्कानं चारायचा रस्ता त्याच दाव्यातून जातो.

पावसाळ्यात मेंढपाळांचे वाडे गावी परतले की मला अशी पत्रं यायला लागतात. प्रत्येकात दंडाची रक्कम ठळक असते आणि मुद्द्याचा कागद ताज्या कलमात.

14 हजारांचं आधी उरकते. भारतीय वन अधिनियम 1927 चा. त्यातल्या 'गुरां'च्या व्याख्येत हत्ती-उंटापासून मेंढी, बकरी, कोकरापर्यंत सगळं येतं, त्यामुळे "मेंढरं म्हणजे गुरं नव्हेत" हा चुलत्यांचा मुद्दा चालायचा नाही. राखीव वनात विनापरवाना चारणं हा कलम 26 खाली गुन्हा आहे. अशी जनावरं कलम 70 मुळे 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखाली धरता येतात, पण 24 तासांत कोंडवाड्यात पाठवावी लागतात. रोपवाटिका म्हणजे कोंडवाडा नव्हे आणि दोन रात्री म्हणजे 24 तास नव्हेत. इथे भांडायला जागा आहे. पण तुमच्याकडे ना पंचनामा, ना कोकरांचा मृत्यूचा दाखला, ना त्या तीन कागदांची नक्कल. भरलेली रक्कम कलम 68 खालची तडजोड असावी असं पावतीवरून दिसतं. तशी असेल तर प्रकरण तिथेच मिटलं, चुलत्यांना शिक्षा झाली असं होत नाही. या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढलात तर वकिलाची फी धरून ती दुप्पट होईल. पावती मात्र जपा. का, ते पुढे येतंय.

आता ते पत्र. तुम्ही दिलेल्या तारखा अशा: उपविभागीय स्तरावरच्या समितीचा, म्हणजे प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा निर्णय 14 नोव्हेंबरचा. पत्र घरी कधी आलं माहीत नाही, आजीनं ट्रंकेत ठेवलं. तुम्ही परत येऊन ते उघडलं 7 जूनला. मला पत्र लिहिलंत 24 जुलैला. मधले 47 दिवस काय केलंत, ते लिहिलेलं नाही.

वनहक्क कायद्याचं, म्हणजे 2006 च्या अधिनियमाचं, कलम 6 म्हणतं की प्रांत समितीच्या निर्णयानं नाराज असाल तर 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे दाद मागा. दिवस मोजायचे ते निर्णयाच्या तारखेपासून. तसे मोजले तर मुदत 13 जानेवारीला संपली, आणि त्या दिवशी तुम्ही कोकणात कुणाच्या तरी शेतात वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावून बसला होता. एवढंच असतं तर मी तुम्हाला सरळ उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवला असता आणि तिथे बोर्डावर नंबर लागेपर्यंत तुमच्या कोकरांची कोकरं झाली असती.

पण 2012 मध्ये या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन नियम 12-अ आला. त्यातला पोटनियम 3 तुमचा तारणहार ठरू शकतो. दावा फेटाळल्याचं दावेदाराला व्यक्तिशः कळवलं पाहिजे, ते त्याला 60 दिवसांत दाद मागता यावी म्हणून, आणि ही मुदत समितीला आणखी 30 दिवस वाढवता येते, असं तो सांगतो. दावेदाराच्या हातात कागद पडण्याआधीच मुदत संपत असेल तर 'व्यक्तिशः' या शब्दाला अर्थच उरत नाही. म्हणून आपलं म्हणणं असं राहील की घड्याळ 7 जूनला सुरू झालं. त्या हिशेबानं 60 दिवस 6 ऑगस्टला भरतात. वाढीव 30 धरले तर 5 सप्टेंबर. त्या 30 वर विसंबू नका, ते देणं न देणं समितीच्या मर्जीवर आहे. अर्ज 6 ऑगस्टच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि सोबत विलंब माफीचा अर्जही जोडा. 'उशीर झालेला नाही, पण झाला असं आपल्याला वाटलं तर माफ करावा' अशी त्याची भाषा ठेवा. जिल्हा म्हणजे कोकणातला, जिथे ते रान आहे तो. साताऱ्याला जाऊन रांगेत उभे राहू नका. मागच्या वर्षी एका वाड्याची मंडळी अशीच चुकीच्या जिल्ह्यात खेटे घालत बसली आणि त्यात त्यांचे तीन आठवडे गेले.

नामंजुरीचं कारण तुम्ही पत्रातून जसंच्या तसं उतरवून पाठवलंत, हे तुमच्या हातून झालेलं एकमेव शहाणपणाचं काम. तो आदेश चार ओळींचा आहे: 9 ऑगस्ट रोजी संयुक्त स्थळपाहणी केली, दावेदार गैरहजर होते, जागेवर चराईच्या खुणा आढळल्या नाहीत, सबब दावा अमान्य.

9 ऑगस्ट! कोकणात! पावसात भिजलेल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात, अंगावरची लोकर वाळत नाही, म्हणून तर वाडे मिरगाच्या आत घाट चढतात. त्या दिवसांत तिथे कमरेएवढं गवत असतं. ऑगस्टात त्या रानात मेंढरू दिसलंच तर ते हरवलेलं समजावं. म्हणजे पावसाळ्यात तुम्हाला कोकणात शोधलं आणि हिवाळ्यात निकाल माणला पाठवला. मुद्दाम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. प्रांत कार्यालयात वनहक्काचं टेबल बहुधा एकाच अव्वल कारकुनाकडे असतं आणि त्याच्याकडे निवडणुकीपासून पीकविम्यापर्यंत आणखी चार टेबलं असतात. पण कायदा करणाऱ्यांनी नेमका हाच घोळ आधी ओळखला होता. नियम 12 मध्ये स्पष्ट आहे की पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्यांची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळी करायची.

समोरची बाजू म्हणेल, हा नियम गावच्या वनहक्क समितीच्या पडताळणीला लागू आहे, प्रांतांच्या स्थळपाहणीला नाही. शब्दावर बोट ठेवलं तर त्यात तथ्य आहे. यावर तीन उत्तरं आहेत. गावच्या समितीची पडताळणी एप्रिलमध्ये तुमच्या समोर झाली आणि ग्रामसभेनं मे महिन्यात दाव्याची शिफारस केली, मग ती मोडायला गैरहजरीतली पाहणी कशी पुरते? ग्रामसभेची शिफारस अपुरी वाटली तर दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असं नियम 12-अ मध्येच आहे. आणि ग्रामसभेची शिफारस असलेल्या, दोन प्रकारचे पुरावे जोडलेल्या दाव्याला लेखी कारणं दिल्याशिवाय नाकारता येत नाही. 'खुणा आढळल्या नाहीत' याला कारण म्हणायचं की नाही, हे जिल्हा समिती ठरवेल. मला यात तुमची बाजू बरी वाटते. याहून जास्त बोलत नाही, कारण मी मूळ फाइल पाहिलेली नाही.

फाइलमध्ये काय जोडलंय, हे तुम्हालाही ठाऊक नाही. 'कार्यकर्त्यानं सगळं केलं' असं लिहिता. माहितीच्या अधिकारात आजच अर्ज टाका: दाव्याची पूर्ण नस्ती, ग्रामसभेचा ठराव हजेरीच्या सह्यांसकट, स्थळपाहणीचा अहवाल, आणि निकालाच्या पत्राचा जावक क्रमांक व पोच. उत्तर यायला महिना जाईल, तोवर दाद मागण्याचा अर्ज थांबवायचा नाही. कागद मागाहून जोडता येतात.

पुरावा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागतो, हे लक्षात ठेवा. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे तुम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरता. मग 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं दाखवावी लागतात. थेट 1930 गाठायचं. (एसटीचा, म्हणजे अनुसूचित जमातीचा, दाखला मिळाला की हे सगळं सुटेल, असं तुमच्या वाड्यात कुणी म्हणतंय. त्या मागणीच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं 16 फेब्रुवारी 2024 ला फेटाळल्या. त्या आशेवर मुदत घालवू नका.) 'तुम्ही रानात राहत कुठे?' असा प्रश्न येईलच. त्यावर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाचं 9 जून 2008 चं पत्र आहे: वनात राहत नसले तरी उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असलेले लोक व्याख्येत बसतात. कलम 3(1)(घ) मध्ये तर चराई स्थायिक असो वा फिरती, दोन्ही धरलेल्या आहेत.

1930 चा कागद कुणाकडेच नसतो, हे कायद्यालाही कळतं. म्हणून दावेदार सोडून इतर वयस्करांचे लेखी जबाब चालतात. गॅझेटियर, वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजना, म्हणजे वनव्यवस्थापनाचे आराखडे, चालतात. कोकणातल्या ज्या शेतकऱ्यांच्या वावरात तुमची मेंढरं खतासाठी बसतात, त्यांच्यातला ऐंशीच्या पुढचा कुणी गाठा आणि त्याचा जबाब घ्या. त्याच्या आज्यानं तुमच्या आज्याला मेंढरं बसवायचे किती पायली भात दिले, असली आठवण कोऱ्या प्रतिज्ञापत्रापेक्षा वजनदार असते. तिकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आंत्रविषाराच्या लसीची नोंद असेल, ती काढा. पुतण्यानं तिथल्या किराणा दुकानात फोनपेनं पैसे दिले असतील, तेही चालवून बघू. त्यानं 75 वर्षं सिद्ध होत नाहीत, पण दर हिवाळ्यात तुम्ही तिथेच असता, हे दिसतं.

आणि पावत्या. तुम्ही लिहिता, "दंड दर वर्षीच भरतो, पावत्या कोण ठेवतंय." हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. वनखात्यानं स्वतः सही-शिक्क्यानिशी, तारीख आणि कक्षाचा, म्हणजे रानाच्या तुकड्याचा, क्रमांक घालून, 'यांची मेंढरं इथे होती' असं लिहून दिलेला कागद तुम्ही दर वर्षी टाकून देत होता! दंडाच्या पावत्या किंवा वनगुन्ह्याचे अहवाल असणं अथवा नसणं, एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं नियम 12-अ सांगतो. म्हणजे त्या जोडल्या तर तुमचं नुकसान नाही, झालाच तर फायदा. वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे स्थळप्रती असतात. जितक्या वर्षांच्या मिळतील तितक्या माहितीच्या अधिकारात मागा.

येत्या दिवाळीला उतरायचं का? दावा प्रलंबित असला तरी तेवढ्यानं चराईचा परवाना मिळत नाही. निर्णय होईपर्यंत हटवू नये, अशी तरतूद कलम 4(5) मध्ये आहे, पण ती ताब्यातल्या वनजमिनीची आहे. फिरत्या चराईला ती कितपत ताणता येईल, यावर मी पैज लावणार नाही. तमिळनाडूतल्या वनांत चराईला मद्रास उच्च न्यायालयानं मार्च 2022 मध्ये सरसकट बंदी घातली आणि नंतर ती राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्पांपुरती आणली. वारा कुठेही वळू शकतो. सर्वोच्च न्यायालयात तर फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश 13 फेब्रुवारी 2019 ला निघाला आणि 28 फेब्रुवारीला थांबवला गेला. मूळ याचिका 2008 ची आहे. तिच्या निकालाची वाट बघत मेंढरं उपाशी ठेवता येत नाहीत, हे मलाही कळतं. उतरलात तर नव्या रोपवनापासून लांब राहा, आणि बंदी कुठल्या कक्षात आहे, ते लेखी मागा. पुन्हा अडवलं तर अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'सामूहिक वनहक्क दावा प्रलंबित' असं लिहा. तुम्ही बीकॉमला आहात, चुलत्यांच्या शेजारी उभं राहून एवढं करता येईल.

आता एका प्रश्नाचं उत्तर मला उलट टपाली हवंय, कारण 'व्यक्तिशः'चा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पाकीट चुलीत गेलं असं लिहिलंत, ते गेलं. पण पत्र घरी आणून दिलं कुणी? पोस्टमन, कोतवाल, की ग्रामपंचायतीचा शिपाई? आजीनं कुठल्या वहीत अंगठा उठवला का? आणि त्या 11 बिऱ्हाडांच्या दाव्यात आजीचं नाव दावेदार म्हणून आहे का? नसेल तर उत्तम. असेल आणि अंगठाही असेल, तर अर्जाचा मसुदा वेगळा करावा लागेल. तिला शांतपणे विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा, माझ्या सोयीचं करून नको.