आधी कच्ची वही दाखव

मी समुपदेशक आहे. अकरावी सायन्सची पहिली चाचणी झाली की माझ्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो. मुलं विचारतात, "मॅथ्स सोडू का?" आईवडील विचारतात, "सोडू द्यावं का?" घरात आजोबा असले तर ते विचारत नाहीत, सांगतात: गणित सोडलं की माणूस पस्तावतो. दहावीत गणिताला नव्वदच्या पुढे गेलेलं पोर २५ पैकी ५-६ गुण घेऊन समोर बसलेलं असतं, आणि सगळ्यांना माझ्याकडून त्याच दिवशी हो किंवा नाही हवं असतं.

कोरडा भाग आधी उरकते. गणित सोडून पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, ठेवलं तर मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, व्हेटर्नरी या नीट परीक्षेच्या वाटा तशाच राहतात. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्रीला राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेचा पीसीएम (बायोलॉजीच्या जागी मॅथ्स) किंवा पीसीबी, कुठलाही गट चालतो. अडतं ते इंजिनिअरिंगला, आर्किटेक्चरला, आणि एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचं असेल तर. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमपुस्तिकेवरून "आता इंजिनिअरिंगला गणित लागत नाही" अशी आवई उठली होती. ती बातमी फोनमध्ये जपून ठेवलेले पालक मला अजून भेटतात. पण आपल्याकडचे इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीच्या पीसीएम गटावर नाहीतर जेईईवर होतात, आणि दोन्हीकडे गणिताचा पेपर आहे. सीईटीत तर गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकेक गुणाचा. उलट, बारावीनंतर उपरती झाली तर एकच विषय घेऊन बोर्डाच्या परीक्षेला पुन्हा बसता येतं. वेळ जातो, पण वाट असते.

हे सगळं कुठल्याही चांगल्या शिक्षकाकडून कळतं. त्यासाठी माझ्यापर्यंत यायची गरज नाही. तरीही माणसं येतात, कारण हे सगळं कळूनही ठरत नसतं.

मृण्मयीचं उदाहरण घेते. नाव बदललं आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यात दोन-तीन मुली मिसळल्या आहेत. दहावीला गणितात ९६. अकरावीच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ६. वडील सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, आई घरीच शिवणकाम करते. चारही विषय घेतले होते, पीसीएमबी. वडील म्हणाले, "दोन्ही ग्रुप ठेवलेत मॅडम. एखादं दार आत्ताच कशाला बंद करायचं?"

मृण्मयी म्हणाली, "मला गणित जमत नाही. सोडायचंय."

"काय जमत नाही?"

"सगळंच. त्रिकोणमिती, डिटरमिनंट, सगळं."

"बरं. पुढच्या वेळी वही घेऊन ये."

नाशिकच्या दोन-तीन कॉलेजांतली मुलं मला 'वही मागणाऱ्या मॅडम' म्हणतात, असं मध्यंतरी कानावर आलं. मला ते आवडलं. गणित माझा विषय नाही, त्यामुळे वहीतलं उत्तर बरोबर की चूक ते मला कळतंच असं नाही. मी बघते ते वेगळंच.

मृण्मयीची वही देखणी होती. निळ्या शाईत प्रश्न, काळ्या शाईत उत्तर, सूत्राभोवती पट्टीने आखलेली चौकट. प्रत्येक गणित सुटलेलं. एकही खाडाखोड नाही.

"ही सगळी तू सोडवलीस?"

"नाही, क्लासमध्ये सर फळ्यावर सोडवतात, ती उतरवलीत."

"आणि तू सोडवलेली?"

"ती रफमध्ये करते."

"रफ वही कुठाय?"

"वही नाहीये. सुटी पानं असतात. झालं की फाडून टाकते."

"का गं?"

"तशीच. पसारा होतो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला आता बऱ्यापैकी येतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चुकलेलं कुणाला दिसू नये म्हणून."

"बाबांना?"

"बाबा नाही बघत." पुन्हा थांबली. "मलाच."

मग रडली. बऱ्याच वेळाने बोलली ती एका दमात. गणित सुरू केलं आणि दोन ओळींत अडलं की छातीत धडधडतं. मग मागचं उत्तर बघायचं, ते "समजलं" असं म्हणायचं आणि पान फाडायचं. एखादं गणित चुकवून, तरी त्यातच राहून पुन्हा करून बघणं हे तिने अकरावीत एकदाही केलं नव्हतं. दहावीत तशी गरजच पडली नव्हती. चुकत नाही ती हुशार, हे तिने त्या ९६ गुणांवरून धरून ठेवलं होतं. मग चुकलेलं प्रत्येक पान तिच्या हुशारीवरच शंका घेणार.

मी विवेकनिष्ठ, म्हणजे माणसाच्या समजुती तपासून बघणाऱ्या, पद्धतीत घडलेली समुपदेशक आहे, आणि या पद्धतीवरचा माझा विश्वास अशा मुलांनीच पक्का केला. ही पद्धत घडवणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सांगणं साधं होतं: माणसाला घटना जेवढी अस्वस्थ करत नाही, तेवढी त्या घटनेबद्दलची त्याची समजूत करते. ६ गुण ही घटना. ते तिच्याइतकेच वर्गातल्या इतरांनाही पडले होते आणि त्यातली काही जण त्याच संध्याकाळी क्रिकेट खेळत होती.

पण मला त्या दिवशी लख्ख दिसलं ते पुढचं. गणित सोडायचं की नाही, या प्रश्नाला मृण्मयीकडे तेव्हा उत्तर असणंच शक्य नव्हतं. तिने अकरावीचं गणित अजून केलंच नव्हतं. नुसतं उतरवलं होतं. जे केलंच नाही ते अवघड आहे की सोपं, आवडतं की नावडतं, हे सांगणार कसं? ती सोडायला निघाली होती ते चुकण्याचा अनुभव. आणि तो गणिताबरोबर सुटणार नव्हता. अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश आहेत, डेरिव्हेटिव्ह आहे, इंटिग्रेशन आहे. पीसीबीच्या मुलांनाही तो टळत नाही. तिथे अडली असती तर मग काय, फिजिक्स सोडणार?

म्हणून मी तिला सांगितलं, दिवाळीपर्यंत काहीच ठरवायचं नाही. शंभर पानी वही आणायची. रोज तीन गणितं, मागचं उत्तर न बघता. अडलं तर अडलेल्या ओळीवर वीस मिनिटं बसायचं. पान फाडायचं नाही. आणि रात्री ती वही जेवायच्या टेबलावर उघडी ठेवायची.

"उघडी?"

"उघडी. चुकलेलं पान वर."

एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम चारचौघांत लाज वाटेल असं काहीतरी करायला लावत, म्हणजे लाजेने माणूस मरत नाही हे त्याला स्वतःच कळावं. आपल्या घरात त्याची मराठी आवृत्ती करायला जेवायचं टेबल पुरतं. मात्र आईवडिलांना आधी बोलावून एक अट घालावी लागते: वहीबद्दल एक शब्द काढायचा नाही, कौतुकाचासुद्धा. मृण्मयीच्या आईने ती अट पाळली. वडिलांनी तिसऱ्या दिवशी मोडली. म्हणाले, "हे गणित तर सोपं आहे." मृण्मयीने फोन करून माझ्याकडे तक्रार केली. आवाजात राग होता, रडू नव्हतं. मला बरं वाटलं.

दिवाळीच्या आधीच्या सत्र परीक्षेत तिला ५० पैकी २९ मिळाले. चमत्कार नाही, पण ते तिचे स्वतःचे २९ होते. त्यानंतर ती आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला गणित सोडायचंय."

आता वडील उसळले. "अहो, आता कुठे जमायला लागलंय! आता कशाला सोडायचं?"

माझ्या मते सोडायची योग्य वेळ तीच. जमत नाही म्हणून सोडलेला विषय पोराच्या पाठीस लागतो, पुढे प्रत्येक अवघड वळणावर आठवतो. जमतोय तरी नको म्हणून सोडलेला मागे पडतो.

तिला काय हवं होतं ते तोवर स्पष्ट झालं होतं. निफाडजवळ मामाचा गोठा आहे. अडलेल्या म्हशीचं रेडकू डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून कसं फिरवलं, हे तिने मला इतकं रंगवून सांगितलं की मी चहा बाजूला ठेवला. तिला व्हेटर्नरीला जायचं होतं. हे आधी का बोलली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "गणित जमत नाही म्हणून काहीतरी कारण काढतेय असं वाटलं असतं." अगदी बरोबर. मलाही कदाचित तसंच वाटलं असतं.

वडिलांशी मी तिच्या स्वप्नावर वाद घातला नाही. त्यांना विचारलं, "तुमच्या शिफ्टमध्ये तास किती?"

"आठ."

"दोन मशीनचं काम एकाच माणसाला दिलं तर?"

"दोन्हीकडे माल रिजेक्ट होईल."

मग कागदावर मांडलं. व्हेटर्नरीला नीट लागते. ती ७२० गुणांची. त्यात ३६० जीवशास्त्राचे, १८० फिजिक्सचे, १८० केमिस्ट्रीचे. गणिताला शून्य. कॉलेज, क्लास आणि बसचा प्रवास वजा जाता मृण्मयीच्या हाती रोज साडेचार तास उरत, आणि त्यातले दोन त्या शून्याला जात होते. दार उघडं ठेवायलाही काही तरी मोजावं लागतं. तुमच्या घरी ते मुलीच्या झोपेतून जातंय, एवढंच मी म्हणाले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

आठवड्याने ते आले तेव्हा क्लासची गणिताची फी परत मिळेल का, हे विचारत होते. ती मिळाली नाही.

यावरून कुणी गणित सोडायचा सल्ला घेऊ नये. त्याच मोसमात एक मुलगा आला होता. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं आणि गणित सोडायचं होतं, कारण बरोबरच्या तिघांनी सोडलं होतं. त्याच्याही हातात कच्ची वही दिली. त्याचं दुखणं आठवीच्या अपूर्णांकात निघालं. बैजिक अपूर्णांक आला की गाडी अडायची. एका शेजारच्या ताईने ते सुधारून दिलं, आणि त्याने गणित ठेवलं. त्याच्यावर लिहिण्यासारखं एवढंच.

पालकांनी घरी एवढं करून पाहावं. "जमत नाही" असं पोर म्हणालं की "कर म्हणजे जमेल" किंवा "सोड मग" यातलं काहीही लगेच म्हणू नका. कुठल्या ओळीला अडतं ते दाखवायला सांगा. ओळ दाखवता आली तर अडचण गणिताची आहे, शिक्षक सापडतो. "सगळंच" असं उत्तर आलं तर अडचण बहुधा दुसरी आहे. मोकळे झालेले दोन तास कशाला देणार हेही विचारा. ज्याला सुटका हवी आहे तो "बघू" म्हणतो. ज्याला काही करायचं आहे तो ते सांगायला लागतो आणि थांबत नाही. आणि कॉलेजच्या ऑफिसात विषय बदलाच्या अर्जाची शेवटची तारीख आजच विचारून ठेवा, कारण ती प्रत्येक कॉलेजची वेगळी असते आणि बारावीचा फॉर्म भरल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

मृण्मयी आता बारावीत आहे. फिजिक्सच्या गणितांना कच्ची वही अजून वापरते. नीटचं काय होईल ते परीक्षाच सांगेल. वडील भेटले की अजूनही म्हणतात, "ठेवलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम." मी त्यांना म्हणते, असेलही. त्यावर ते हसतात, आणि धाकट्याच्या दहावीचं विचारायला लागतात.