मॅनिंगचे डेन्व्हरकडून खेळलेले दोन सुपर बोल आणि श्रेयाचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमधला मोठा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कोण, या वादात तुमचा मित्र म्हणतो, ब्रेडीच्या सात अंगठ्या (सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकल्यावर मिळणाऱ्या), पेटन मॅनिंगच्या दोन, विषय संपला. तुम्ही त्याला मॅनिंगचं पासर रेटिंग (पास फेकण्याच्या कामगिरीचा एकत्रित आकडा) दाखवताय. या वादात मीही बराच काळ असाच अडकून होतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते तुम्हा दोघांचीही मोजपट्टी चुकतेय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे संघाचा जय-पराजय क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकणं. आकडेवारीच्या पानांवर त्याच्या नावापुढे तसा रकानाच असतो. लेफ्ट टॅकलच्या (क्वार्टरबॅकला वाचवणारा) किंवा कॉर्नरबॅकच्या (समोरच्यांचे पास अडवणारा) नावापुढे तो कधी दिसत नाही. हा रकाना डोक्यात बसला की पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो.

मॅनिंगचंच बघा. २०१३ च्या हंगामात डेन्व्हरकडून ५५ टचडाउन पास (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे पोचवणारे) आणि ५,४७७ यार्ड, दोन्ही विक्रम. सुपर बोलमध्ये मात्र सिअ‍ॅटलकडून ४३-८ असा धुव्वा. २०१५ मध्ये ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले पास), मधले काही सामने राखीव क्वार्टरबॅक ऑसवायलरला खेळवावे लागले, आणि त्या हंगामाची अखेर अंगठीने झाली. अंगठीच प्रमाण मानली तर आयुष्यातल्या सर्वोत्तम हंगामापेक्षा सर्वांत वाईट हंगाम मोठा ठरतो.

आता त्याच हंगामाचा सुपर बोल, फेब्रुवारी २०१६ चा कॅरोलायनाविरुद्धचा सामना उलगडा. प्ले-बाय-प्ले (प्रत्येक चालीची नोंद) समोर ठेवा आणि कागदावर चार रकाने आखा: ड्राइव्ह (चेंडू हातात असतानाची सलग चढाई) कुठून सुरू झाली, किती यार्ड गेली, कशात संपली, चेंडू कोणी मिळवून दिला. डेन्व्हरचे गुण २४. त्यातले ७ डेन्व्हरचा बचावपटू व्हॉन मिलरने कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक न्यूटनच्या हातून चेंडू उडवला आणि त्याचा सहकारी मलिक जॅक्सन एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडे) त्यावर पडला, तेव्हाचे. आणखी ८ मिलरनेच दुसऱ्यांदा फंबल करायला (हातातला चेंडू सोडायला) लावल्यावर, कॅरोलायनाच्या ४ यार्डांवरून मिळालेले (त्यातला टचडाउननंतरचा दोन गुणांचा पास मॅनिंगचा). ३ गुण नॉरवूडने पंट (कॅरोलायनाने लाथेने दूर मारलेला चेंडू) ६१ यार्ड परत आणल्यानंतरचे. उरले दोन फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेले), म्हणजे ६ गुण. लांबून चेंडू नेऊन आक्रमणाने स्वतः कमावलेले एवढेच. थर्ड डाउनवर (१० यार्ड मिळवण्याच्या तिसऱ्या प्रयत्नात) १४ पैकी १ यश, एकूण १९४ यार्ड. सामनावीर मिलर झाला, ते योग्यच होतं.

पासर रेटिंगबद्दल. त्यात फक्त चार गोष्टी मोजतात: पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, प्रति पास यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नाही, फंबल नाही, धावलेले यार्ड नाहीत. या सामन्यातलं मॅनिंगचं ५६.६ हे रेटिंग वाईटच आहे, पण त्याच दिवशी त्याने खाल्लेले ५ सॅक आणि गमावलेला फंबल त्यात कुठेच नाहीत. उलट बाजूने, स्नॅपच्या (चाल सुरू होण्याच्या) आधी समोरची मांडणी ओळखून तो प्ले बदलायचा, तेही कोणत्याच रकान्यात येत नाही. पिट्सबर्गच्या रॉथलिसबर्गरने २००६ मध्ये २२.६ रेटिंगवर सुपर बोल जिंकला. त्या सामन्यातला संघाचा एकमेव टचडाउन पास त्याचा नव्हता, तो रँडल एल या रिसीव्हरने (एरवी पास झेलणाऱ्या खेळाडूने) टाकला होता.

म्हणून क्वार्टरबॅक गौण ठरतो असं मात्र समजू नका. हे दुसरं टोक मला तितकंच खटकतं. अटलांटाविरुद्ध २८-३ पिछाडीवरून ब्रेडीचं न्यू इंग्लंड जिंकलं, त्या सुपर बोलला हाच कागद लावा. एक टचडाउन बचावपटू हायटावरने अटलांटाचा क्वार्टरबॅक रायनचा चेंडू उडवल्यामुळे अटलांटाच्या २५ यार्डांवरून मिळाला, त्यात बचावाचा वाटा मोठा. पण बरोबरी साधणारी ९१ यार्डांची ड्राइव्ह आणि जादा वेळेतली ७५ यार्डांची, तिथे ब्रेडीचं श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि पुढच्याच वर्षीच्या सुपर बोलमध्ये ५०५ यार्ड फेकूनही तो फिलाडेल्फियाकडून ४१-३३ असा हरला. त्या रात्री न्यू इंग्लंडने एकदाही पंट केलं नव्हतं. त्याने आणखी काय करायला हवं होतं?

माझं मत, पटलं तर घ्या: मैदानावरचा सर्वांत महत्त्वाचा एक खेळाडू तोच, पण त्याचं मोल पूर्ण हंगामावर ठरवावं. एका सामन्यात दोन फंबल आणि एक लांब पंट रिटर्न सगळं फिरवतात. मी प्रशिक्षक नाही, ब्लॉकिंगमधलं (क्वार्टरबॅकवर येणाऱ्यांना अडवण्यातलं) मला सगळं कळतं असा दावाही नाही.

कंत्राटाचा मुद्दाही वादात आणा, तो सहसा सुटतो. २०१३ च्या सिअ‍ॅटलचा रसेल विल्सन ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) तिसऱ्या फेरीत निवडलेला, स्वस्त कंत्राटावरचा क्वार्टरबॅक होता. सॅलरी कॅपखाली (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) तिथे वाचलेला पैसा बाकीच्या संघावर खर्च करता आला. मॅनिंगला ज्या बचावाने ४३-८ असं चिरडलं, त्याच्या उभारणीत त्या स्वस्त कंत्राटाचाही हात होता.

कागद आखताना एक काळजी घ्या: इंटरसेप्शन लगेच क्वार्टरबॅकच्या नावावर टाकू नका. त्याच ४३-८ च्या सामन्यात समोरच्या संघाच्या माल्कम स्मिथने ६९ यार्ड परत नेऊन टचडाउन केलेला चेंडू, मॅनिंग फेकत असताना क्लिफ अ‍ॅव्हरिलने त्याला धक्का दिल्यामुळे हवेत उडाला होता. तिथे मी अर्धं खातं ब्लॉकिंगवर टाकतो.