शिक्षा भोगून झाली; आता बंदुकीचा परवाना मिळेल का?

प्रश्न: वकीलसाहेब, रामराम. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला माझी सात एकर जमीन आहे. मका आणि हरभरा घेतो. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक होती. २०१४ मध्ये बांधावरून चुलतभावाशी वाजलं आणि माझ्या हातून कुऱ्हाड चालली. कलम ३२४ खाली एक वर्षाची सजा झाली, ती भोगून २०१८ मध्ये सुटलो. वडील आता नाहीत, बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. डुकरं मात्र रोज रात्री मका आडवा करतात. गावात म्हणतात, आत जाऊन आलेल्याला जन्मात बंदूक मिळत नाही. भाचा मोबाइलवर दाखवतो की अमेरिकेत गेलेला शिकारीचा आणि बंदुकीचा हक्क परत मागता येतो. आपल्याकडे तसं काही आहे का?
— एक शेतकरी, ता. चोपडा

उत्तर: भाऊ, भाच्याचा मोबाइल आधी बाजूला ठेवा. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा राज्यघटनेतला हक्क आहे. मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलं की तो जातो, म्हणून तिकडे तो परत मागायचा प्रश्न येतो. आपल्याकडे तो हक्क कुणालाच नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. इथे असतो तो परवाना.

गावाचं म्हणणंही खरं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ९ सांगतं की हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं बंदूक घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही. ही पाच वर्षं निकालाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, शिक्षा संपल्यापासून मोजायची. तुमची मुदत २०२३ मध्येच संपली. तुरुंगातून सुटल्याचा दाखला आणि निकालाची नक्कल काढून ठेवा, कारण पहिला प्रश्न त्यावरच येईल. (इतर वाचकांसाठी: नुसता दंड झाला असेल तर ही पाच वर्षांची बंदी लागत नाही.) एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाही. चुलतभावामुळे तुमच्यावर चॅप्टर केस (पुन्हा भांडण होऊ नये म्हणून होणारी प्रतिबंधक कारवाई) होऊन शांतता राखण्याचा बॉन्ड, म्हणजे लेखी हमी, घेतला आहे का? घेतला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागेल.

अडसर गेला म्हणजे परवाना हातात पडला असं नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ते पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. अर्जात शिक्षा लपवू नका. लपवून मिळालेला परवाना पुढे त्याच कारणावरून रद्द होतो, आणि ठाण्यात तुमची नोंद आहेच. माझं विचाराल तर कागदांपेक्षा चुलतभावाशी झालेला समझोता जास्त उपयोगी पडेल. बांधाची मोजणी करून घेतली असेल, दोघं आता एकाच पाटाचं पाणी घेत असाल, तर तेही अर्जासोबत लिहून द्या. अहवाल लिहिणारा हवालदार शेवटी हेच बघतो की हा माणूस रागाच्या भरात पुन्हा हात उचलेल का. नकार आला तर कारण लेखी मागा. त्यावर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, मुदत तेवढी जाऊ देऊ नका.

वडिलांचा परवाना वारसाहक्काने तुमच्याकडे येत नाही, जमिनीसारखा सातबाऱ्यावर चढत नाही. परवाना तुमच्या नावावर नव्याने व्हायला हवा. तोवर ती बंदूक 'आपलीच आहे' म्हणून घरी आणलीत तर पुन्हा गुन्हा दाखल होईल, आणि आधीच्या शिक्षेमुळे तो जड जाईल. पीक संरक्षणासाठी कायद्यात मुळात ठासणीचीच बंदूक आहे. ती पुरत नाही अशी खात्री पटली तरच दुसरी मिळते.

आता डुकरांचं. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारायची परवानगी मिळत नाही, आणि इथेच लोक फसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वन खातं लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतं, त्यासाठी कलम ११ आहे. पण ती परवानगी वेगळी, तिचा अर्ज वेगळा. आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता ठरतं, म्हणजे घरी रस्सा करायचा विचार सोडा.

परवान्याला वेळ लागेल, डुकरं तोवर थांबणार नाहीत. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्या. बांधावर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा झटका देणारं यंत्र) लावा, पण घरच्या लाइटची तार कुंपणाला कदापि जोडू नका. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्या तारेला चिकटून मेला, तर पुढच्या वेळी तुमचं पत्र बंदुकीबद्दल नसेल, जामिनाबद्दल असेल.